नकार घेऊन तिसऱ्या मजल्यावर

लालबाग,
मंगळवार, २३ फेब्रुवारी २०२१

नलूताई,

नमस्कार. वाकून केलाय असं समजा. इथे खरोखर वाकले तर मागे कोणाच्या तरी कळशीला धक्का लागतो.

पत्रात आधी चांगली बातमी लिहावी, असं शाळेत सिस्टर बर्नाडेट शिकवायच्या. तर माझी तब्येत उत्तम आहे. दुसरी बातमी अशी, की मी परबांच्या घरी अडकले आहे.

रविवारी ठरल्याप्रमाणे मी माझ्या अभयच्या आणि मनवाच्या लग्नाला नकार सांगायला आले. फोनवर सांगणं बरं दिसत नाही, समोर बसून सांगावा, दहा मिनिटांत उठावं, चहासुद्धा घेऊ नये, हे तुमचंच म्हणणं. पण चहा आला. मनवाच्या आईने, कमलताईंनी, सोबत घावणे ठेवले. हातात घावणा असताना नकार कसा देणार? म्हटलं, हा एक संपू दे. तो संपायच्या आत खाली शिट्टी वाजली आणि महापालिकेची माणसं वर आली. शेवटच्या खोलीतले दोघे पॉझिटिव्ह निघाले होते. माझ्या डोळ्यांदेखत जिन्याला बांबू बांधले आणि बोर्ड लावला. तिसरा मजला सील. चौदा दिवस.

मी त्यांच्यामागे धावले. म्हटलं, अहो, मी इथली नाही. त्यांनी सभ्यपणे विचारलं, "मग इथे कशाला आलात मावशी?" आता परब नवरा-बायको दोघं शेजारी उभी. नकार द्यायला आले असं कसं सांगू? मी म्हटलं, "नात्याने."

"मग घरच्याच," ते म्हणाले आणि त्यांनी माझं नाव परबांच्या खाली लिहून टाकलं.

हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, असं तुम्ही विचाराल. परबांच्या दोन खोल्या आहेत आणि मधली फळ्यांची भिंत छतापर्यंत पोचतच नाही. मी इकडे शिंकले की मनवाचे वडील, सीतारामभाऊ, तिकडून "शतायुषी" म्हणतात. तुम्ही तर फोनवर मुळात ओरडूनच बोलता. म्हणून लिहिते आहे. अभय खाली येईल, दोरीला बांधलेल्या टोपलीतून पत्र त्याच्याकडे जाईल. पाकीट डिंकाने चिकटवलंय. तो बिचारा अजून समजतोय, की मी साखरपुड्याची तारीख काढायला आले आहे.

त्याच्याबरोबर माझ्या बीपीच्या गोळ्या, तीन गाऊन आणि चष्म्याचं घर पाठवा. गाऊन बरे पाठवा. इथे गाऊन सगळे बघतात.

तुमची,
उज्ज्वला

*

शिवाजी पार्क,
गुरुवार, २५ फेब्रुवारी २०२१

उज्ज्वला,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. आधी दिवसभर बाल्कनीत वाळवलं, मग इस्त्रीखाली घातलं. तुझ्या डिंकामुळे ते इस्त्रीला चिकटलं. मधल्या चार ओळी माझ्या पांढऱ्या सुती साडीवर उमटल्या आहेत, त्या मी आरशात बघून वाचल्या.

सरकारी कचेरीत माझी सगळी हयात नियम वाचण्यात गेली. नियमाचा अर्थ लावायला तुझ्यासारखी भोळी बाई गेली की असंच होतं. पाहुणा म्हणजे रहिवासी नव्हे. तू "नात्याने" हा शब्द कोणत्या आधारावर वापरलास? नातं अद्याप जुळलेलं नाही, जुळणारही नाही. आपलं ठरलंय. मुलगी चांगली आहे, नोकरी करते, सगळं मान्य. पण ती म्हणते, आईवडिलांना आपण एकटीच, म्हणून लग्नानंतर त्यांच्याच दुसऱ्या खोलीत राहायचं. आणि आपला अभय मान डोलावतो! अगं, माणसं लालबागहून शिवाजी पार्कला राहायला येतात. उलट्या दिशेने कोणी गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि तो गेल्यावर एवढ्या फ्लॅटमध्ये तू एकटी काय करणार? भिंतींशी बोलणार?

तेव्हा आज जेवणानंतर शांतपणे सांगून टाक. तोंडात काही धरू नकोस म्हणजे झालं.

महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात चौकशी करते आहे. अभयला जेवायला-झोपायला माझ्याकडेच ठेवून घेतलंय, त्यामुळे माझ्या समोरच्या तुझ्या दाराला कुलूप आहे; ते बघवत नाही, म्हणजे धूळ बसते आहे, या अर्थाने.

नलूताई

ता. क. गाऊन पाठवले आहेत. निळा तेवढा माझा आहे, तो परत हवा.

*

लालबाग,
रविवार, २८ फेब्रुवारी २०२१

नलूताई,

निळा गाऊन इथे सगळ्यांना फार आवडला.

गुरुवारी जेवणानंतर सांगायचंच ठरवलं होतं. पण गुरुवारी गॅलरीची सभा झाली. बोलावणारा हितेंद्र. हा इथल्या गणेशोत्सव मंडळाचा सेक्रेटरी. वय पस्तिशीचं, गळ्यात शिट्टी, हातात भोंगा. प्रश्न असा होता, की गॅलरी घरात धरायची की घराबाहेर? आदेश घराबाहेर पडू नका असा आहे. गॅलरी बाहेर धरली तर कपडे वाळत घालणं हा गुन्हा. घरात धरली तर मास्क कशाला, आणि पुरुषांनी बनियनवर उभं राहायला हरकत काय? सगळी आपापल्या उंबऱ्यावर उभी राहून ओरडत होती. एक आजोबा म्हणाले, मी गेली पन्नास वर्षं गॅलरीत झोपतो, तर मी काय पन्नास वर्षं बाहेर होतो? त्यांच्या बायको आतून म्हणाल्या, "होतातच."

शेवटी ठरलं, की गॅलरी घरातच आहे, मात्र खालचा हवालदार वर बघेल तेवढा वेळ ती बाहेर.

मग नळाचा आणि शौचालयाचा प्रश्न निघाला. ती गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याला मिळून. हितेंद्रने उत्सवातली दोरखंडं काढली आणि दोन रांगा आखल्या. एक साधी, एक घाईची. घाईच्या रांगेत कारण सांगायचं नसतं, नुसता हात वर करायचा. हितेंद्र तोंडाला रुमाल बांधून दूर उभा राहतो. त्याची उत्सवातली सवय जात नाही. आत गेलं की बाहेरून भोंग्यावर आवाज येतो, "चला ताई, थांबू नका, पुढे सरका, मागे लोक आहेत!" पहिल्या दिवशी मी रडकुंडीला आले होते. आता बाहेर येताना आपोआप हात जोडले जातात.

नकाराचं म्हणाल, तर काल संधी आली होती. मी, कमलताई आणि लसणीची टोपली, एवढंच. मी सुरुवात केली, "कमलताई, तुम्हाला एक सांगायचंय." त्या लगेच म्हणाल्या, "मलापण." दोघी थांबलो. "तुम्ही बोला." "नाही हो, तुम्ही." "असं कसं, तुम्ही मोठ्या." असं लसूण सोलून होईपर्यंत चाललं. मग मी म्हटलं, लसूण छान आहे. त्या म्हणाल्या, हो, गावची आहे.

तुमची,
उज्ज्वला

*

शिवाजी पार्क,
मंगळवार, २ मार्च २०२१

उज्ज्वला,

आशीर्वाद. इस्त्री करणं सोडलं आहे. आता तुझी पत्रं कुकरच्या वाफेवर धरते. शाई थोडी पसरते, पण तुझं अक्षर मुळात तसंच आहे.

विजय झालेला आहे. वॉर्डातल्या साहेबांशी मी सविस्तर बोलले. ते म्हणाले, बाई पाहुण्या असतील आणि टेस्ट निगेटिव्ह असेल, तर तसा अर्ज करून त्या स्वतःच्या घरी जाऊन बंद राहू शकतात. "स्वतःच्या घरी" हे शब्द मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले. तुझी टेस्ट निगेटिव्ह आली, हे अभयने सांगितलंच. अर्जाचा मसुदा सोबत आहे. "मी सदर कुटुंबाची कोणीही लागत नसून" इथून सुरुवात होते. खाली सही कर. परबांचीही सही लागेल.

मी ठीक. ज्येष्ठांनी घरातच राहावं, हे मी काटेकोरपणे पाळते. फक्त वरच्या कर्णिकांच्या कुत्र्याला संध्याकाळी मैदानाच्या कडेने फिरवून आणते. कुत्र्याला ज्येष्ठत्वाचा नियम लागू नाही, आणि मी त्याच्याबरोबर असते, तो माझ्याबरोबर नसतो. त्याचं नाव बिस्किट. कर्णिकांनी त्याला काडीचीही शिस्त लावलेली नाही. कुलूप असतानाही तो तुझ्या दाराशी जाऊन बसतो. मग मलाही थांबावं लागतं.

उद्यापर्यंत अर्ज टोपलीत पडला पाहिजे.

नलूताई

*

लालबाग,
शुक्रवार, ५ मार्च २०२१

नलूताई,

अर्जाचा मसुदा सुंदर आहे. तुमच्यासारखं कोणाला लिहिता येणार नाही. पण तुम्हीच बघा. "मी सदर कुटुंबाची कोणीही लागत नसून" यावर सीतारामभाऊंची सही घ्यायची. काल रात्री माझा पाय मुरगळला (काही नाही, घाईच्या रांगेत), तर त्या माणसाने तेल कोमट करून वाटी माझ्यासमोर आणून ठेवली आणि पाठ फिरवून उभा राहिला. त्यांच्यापुढे हा कागद कसा धरू? अर्ज करायचा म्हणजे आधी नकार द्यायला हवा, आणि नकार दिला की हे लोक बिचारे मला ठेवणार कुठे? मजला सील आहे!

सीतारामभाऊ गिरणी बंद पडल्यावर एका नाट्यगृहाच्या दारावर तिकिटं बघायला होते. अजून कोणी आत आलं की त्यांचा हात आपोआप पुढे येतो. तिकीट मागितल्यासारखा. मग ते ओशाळून तोच हात नमस्काराला जोडतात.

तुम्हाला एक गंमत सांगू? पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा आधी फुस्स असा आवाज होतो, मग कळशीत धार पडते. गिरगावात आमच्या चाळीत हाच आवाज होता. कॉन्व्हेंटचा निळा फ्रॉक घालून मी गॅलरीत वेण्या घालून घ्यायला बसायचे आणि आई दात-ओठ खाऊन रिबिनी ओढायची. समोरच्या काकू विचारायच्या, आज इंग्रजीत काय शिकवलं गो? मी कविता म्हणायचे आणि सगळी गॅलरी ऐकायची, कोणालाही एक शब्द न कळता. लग्न होऊन शिवाजी पार्कात आले त्या पहिल्या सकाळी मला जाग आली ती इतक्या शांततेने, की वाटलं, कोणीतरी गेलं.

अभय रोज येतो. माझ्या गोळ्या तो एकदम का नाही आणत, एकेक पट्टी का आणतो, हे मला आता उमगलंय. टोपली मनवाच सोडते. ती टोपली खाली पोचायला जितका वेळ घेते, तितक्यात मी एक स्वेटर विणेन. दोघं मास्कमधून हसतात, म्हणजे डोळेच दिसतात. हवालदार दुसरीकडे बघत उभा राहतो, भला माणूस आहे. नलूताई, मला हे बघून बरं वाटतं आणि लगेच पुढचं दिसतं. हा इथे आला, की तिथे मी आणि ती शांतता.

सांगते. नक्की सांगते. रविवारी मजला उघडतोय, तोवर कळ काढा.

तुमची,
उज्ज्वला

*

शिवाजी पार्क,
मंगळवार, ९ मार्च २०२१

उज्ज्वला,

आशीर्वाद. आज डाव्या दंडात लस घेतली आहे, त्यामुळे दंड आणि डोकं दोन्ही तापलंय, याची नोंद घेऊन पुढचं वाच.

बांबू रविवारी निघाले. बोर्ड निघाला. हे मला अभयने सांगितलं, आणि सांगताना तो लाजला. आज मंगळवार. तुला आता कोणत्या नियमाखाली तिथे ठेवलेलं आहे? परिपत्रक क्रमांक कळव. मी फोन केला तर तो कोणा हितेंद्रने उचलला आणि भोंग्यावरून सांगितलं, "मावशी कॅरमची मॅच खेळतायत, क्वीन कव्हर झाली की देतो." तू? कॅरम?

तू पाहुणी नाहीस, रहिवासी नाहीस आणि आता कैदीही नाहीस. मग आहेस कोण?

आजच्या आज नकार दे आणि ये. मी वरणभात लावून ठेवते. दोघींचा लावते.

नलूताई

*

लालबाग,
बुधवार, १० मार्च २०२१

नलूताई,

दिला. नकार दिला.

काल दुपारी तुमचं पत्र वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. खरंच, कोण आहे मी इथे? रविवारी हितेंद्रने शिट्टी फुंकून मजला खुला केला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी एकटीच खट्टू. कोणी मला जा म्हणेना, मी जाते म्हणेना. कमलताईंनी दुपारी विचारलं, "रात्री बांगडे करू का?" मी म्हटलं, करा.

पण काल संध्याकाळी दार लोटून घेतलं, डोळे मिटले आणि एका दमात बोलले. म्हटलं, "कमलताई, सीतारामभाऊ, तुमची मुलगी सोन्यासारखी आहे, पण हे लग्न होऊ शकत नाही. माझा एकुलता एक मुलगा मला सोडून इथे राहायला आला, तर मी त्या घरात एकटी राहू शकणार नाही. मी त्या दिवशी हेच सांगायला आले होते."

डोळे उघडले, तर दोघांच्या चेहऱ्यावर आनंद! म्हणजे अगदी सुटल्यासारखा. कमलताईंनी माझा हात धरला. "अगो बाई माझे! मगे आधी नाय सांगायचं? आम्हीपण त्या दिवशी नकारच देणार होतो. घावणे कशाला केलेले? तुम्ही एवढ्या लांबून येणार, वाईट बातमी ऐकून जाणार, तर निदान पोटात काहीतरी असावं म्हणून!"

त्यांचं म्हणणं असं. अभय लाखात एक आहे. पण जावई सासऱ्याच्या खोलीत राहणार म्हणजे घरजावई. गावाला भावकी बसलीय ती काय म्हणेल? सीतारामभाऊ म्हणाले, "आयुष्यभर दारावर उभा राहिलो ताई, एक माणूस फुकट आत सोडला नाही. आता जावयालाच फुकट आत घेतला म्हणतील." मनवाला समजावून थकले, ती ऐकेना. मग ठरलं, मुलाच्या आईलाच सांगू. आणि मी आले, आणि मजला सील झाला. "पाहुणीला घरात कोंडून नकार कसा द्यायचा?" कमलताई म्हणाल्या. "तिने रुसून जायचं म्हटलं तर जाणार खंय?"

म्हणजे नलूताई, एवढे दिवस आम्ही एकमेकींना वाढत होतो, आणि दोघींच्या पदराखाली एकेक नकार.

आम्ही तिघं डोळे पुसून हसत होतो, आणि मग आठवलं, की भिंत छतापर्यंत नाही. मनवा पलीकडे ऑफिसचं काम करत होती. ती उठली, गॅलरीत गेली. मजला उघडला तरी अभय सवयीने पुन्हा खालीच उभा. तिने टोपली सोडलीच नाही. तिसऱ्या मजल्यावरून ओरडून सांगितलं, "अभय, तुझ्या आईचाही नकार, माझ्या आईबाबांचाही नकार! आपल्याला कोणी विचारलंच नाहीये! तू घरी जा!"

अभयच्या हातात फ्लॉवर होता. तो म्हणाला, "हा फ्लॉवर?"

"तोपण घेऊन जा!"

चारही मजल्यांनी ऐकलं. तेव्हापासून माझ्याशी कोणी बोलत नाही. कमलताईंशीही नाही. आज नळावर आम्हा दोघींना सगळ्यांत शेवटी उभं केलं. हितेंद्रने भोंगा बंद ठेवलाय. इतकी शांतता, की मला शिवाजी पार्कात असल्यासारखं वाटतंय.

हे पत्र हितेंद्र पोचवेल. उद्या निघते.

तुमची,
उज्ज्वला

*

शिवाजी पार्क,
गुरुवार, ११ मार्च २०२१

उज्ज्वला,

उत्तम झालं. उभयपक्षी नकार, कोणाला दोष नाही, इतकं स्वच्छ काम मी नोकरीतही क्वचित पाहिलं. अभय घरी आला आहे. त्याने फ्लॉवर माझ्या फ्रीजमध्ये ठेवला आणि आतल्या खोलीत गेला. जेवला नाही. रात्री मी बिस्किटला त्याच्या खोलीत सोडलं, तर तोही जेवला नाही. दोघं दाराकडे तोंड करून बसले आहेत. होईल सगळं ठीक. वेळ जावा लागतो.

टॅक्सी घेऊन ये. मी वाट बघत नाही आहे, पण दुधाचं भांडं मोठं काढलंय.

नलूताई

*

लालबाग,
रविवार, १४ मार्च २०२१

नलूताई,

मी आले नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

गुरुवारी पिशवी भरून निघाले. कमलताई डबा भरत होत्या आणि रडत होत्या, सीतारामभाऊ तेलाची वाटी पुसून ठेवत होते. मी गॅलरीतून चालत जिन्यापर्यंत गेले. जिन्याच्या अलीकडे एक खोली आहे, कुलूपबंद. टिपणीस म्हणून कोणी आहेत, मुलाकडे विरारला गेले. मी त्या कुलपाकडे बघतच राहिले. हितेंद्रने विचारलं, "काय झालं मावशी?" मी म्हटलं, "ही खोली भाड्याने देतात का रे?"

"कोणाला?"

"मला."

नलूताई, रागावण्याआधी नीट वाचा, कारण हे मी तुमच्याच पद्धतीने काढलं आहे. अभय सासऱ्याच्या खोलीत राहिला तर तो घरजावई. पण तो स्वतःच्या आईच्या घरी राहिला तर? मग घरजावई कसा? मुलगी लग्न करून सासूच्या घरी येणार, जगरहाटीप्रमाणे. आता सासूचं घर तिच्या माहेरापासून सहा दारांवर आहे, हा योगायोग. भावकीला बोलायला जागा नाही. मनवाचे आईवडील तिच्या डोळ्यांसमोर. आणि मी एकटी नाही. एकटी राहायचं म्हटलं तरी इथे राहता येणार नाही.

हितेंद्रने तिथूनच टिपणिसांना फोन लावला, ते हो म्हणाले. परत जाऊन सांगितलं तर कमलताईंनी भरलेला डबा परत पातेल्यात ओतला. मनवा आली, माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "काकू, हे तुम्ही माझ्यासाठी करताय का? मला असले उपकार नकोत." मी म्हटलं, "तुझ्यासाठी कोण करतंय? मला कॅरमची फायनल खेळायचीय." मग ती हसली. मग तिने मला मिठी मारली, मास्क न लावता, आणि हितेंद्रने शिट्टी मारली. अभयला मात्र ती अजून फोन करत नाही, त्याला तुम्हीच सांगा.

सीतारामभाऊ मात्र तेव्हापासून सारखे डोळे टिपतायत. मुलगी सासरी जाणार! काल ते परबांच्या दारापासून टिपणिसांच्या दारापर्यंत एकदा चालून आले आणि म्हणाले, "लांब आहे हो."

लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आहे. मजल्यावर त्याहून जास्त राहतात. पुन्हा सभा झाली. ठराव असा झाला, की लग्न गॅलरीत लावायचं. जो आपापल्या दारात उभा आहे, तो घरी आहे, लग्नाला आलेला नाही. त्याने अक्षता टाकल्या तरी घरातूनच टाकल्या. हे बरोबर आहे का, तेवढं तुम्ही बघून कळवा. इथे तुमच्या शब्दाला फार मान आहे. तो अर्जाचा मसुदा मी शेवटी हितेंद्रला दाखवला, त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "या ताईंना मंडळात घ्या."

फ्लॅट आहेच. मी शनिवार-रविवार येत जाईन. पण मला ठाऊक आहे, त्याने काही तुमचं भागणार नाही. समोरचं दार बंदच दिसणार. हे लिहिताना माझा हात थांबतोय, नलूताई. तुम्हाला शांतता आवडते, असं तुम्ही इतकी वर्षं म्हणत आलात. खरंच आवडते ना?

तुमची,
उज्ज्वला

*

शिवाजी पार्क,
मंगळवार, १६ मार्च २०२१

उज्ज्वला,

आशीर्वाद. पत्र वाफेवर न धरता तसंच वाचलं. लस घेतली आहे, बघू काय होतं ते.

अभयला मी सांगितलं. तो इतका वेळ माझ्याकडे बघत राहिला, की मला वाटलं, दंडासारखं त्याचंही काही दुखतंय. मग उठला, फ्रीजमधून तो फ्लॉवर काढला, आणि रात्रीचे किती वाजलेत ते न बघता लालबागला निघाला. मीच थांबवला. फ्लॉवर पिवळा पडला होता.

घरजावयाविषयीचा तुझा युक्तिवाद तपासला. त्यात चूक सापडत नाही, याचं मला वाईट वाटतं. गॅलरीतल्या पाहुण्यांविषयीचा ठरावही टिकेल, फक्त दारात उभं राहणाऱ्यांनी घरातलेच कपडे घालावेत. भरजरी साडी नेसून आपल्याच दारात उभी असलेली बाई घरी आहे, यावर कोणताही हवालदार विश्वास ठेवणार नाही.

शांततेविषयी विचारलंस. कर्णिक मंडळी सोमवारी बिस्किटला घेऊन अलिबागला गेली. मला काही फरक पडत नाही. संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे पट्टा घेऊन जिन्यापर्यंत गेले, एवढंच. मग परत आले. तुझ्या दाराची बेल वाजवून बघितली. चालू आहे.

आमच्या सोसायटीने नवी नोटीस लावली आहे. ज्येष्ठ नागरिकांनी गरजेशिवाय घराबाहेर पडू नये. तीन वेळा वाचली. गरज कशाला म्हणायचं, याची व्याख्या त्यात कुठेही केलेली नाही.

ती मी केली आहे. शनिवारी येते.

नलूताई